ट्रॅक्टरच्या इंजिनाचे हेड गॅस्केट : बिघाडाची कारणे व घ्यावयाची काळजी

हिंगोली जिल्ह्यात सोयाबीनची मळणी, हळदीची वाहतूक आणि उन्हाळी नांगरट ही कामे ट्रॅक्टरवर अवलंबून आहेत. ऐन हंगामात हेड गॅस्केट जळाले तर ट्रॅक्टर उभा राहतो व दुरुस्तीचा खर्चही मोठा येतो. थोडी काळजी घेतल्यास हे बहुतांशी टाळता येते.

गॅस्केटचे कार्य

इंजिनाचा ब्लॉक व हेड यांच्यामध्ये गॅस्केट बसविलेले असते. ज्वलनाचा वायू, पाणी व ऑइल एकमेकांत मिसळू न देणे हे त्याचे काम. १०० मि.मी. व्यासाच्या सिलिंडरमध्ये ज्वलनावेळी दर चौ. सें.मी.ला ८० किलो दाब धरला, तरी हेड वर उचलणारा जोर सहा टनांहून अधिक होतो. हा जोर नट व स्टडच्या आवळणीनेच पेलला जातो.

बिघाडाची कारणे

१) इंजिन अति गरम होणे : मळणीच्या वेळी भुसकटाने रेडिएटरची जाळी बुजते. पाणी कमी असणे व पंख्याचा पट्टा सैल असणे हीही कारणे आहेत. उष्णतेने हेड वाकते.

२) तापलेल्या इंजिनात एकदम थंड पाणी ओतणे : यामुळे हेडला तडा जाऊ शकतो.

३) पंपाचे डिझेल वाढवून घेणे : ताकद वाढते, पण दाब व उष्णताही वाढते. जास्त शक्तीच्या ट्रक इंजिनांत यासाठी पोलादाच्या अनेक पदरी गॅस्केट व अधिक मजबूत स्टड वापरतात. ट्रॅक्टरचे मूळ गॅस्केट या वाढीव दाबासाठी बनविलेले नसते.

४) नट कमी-जास्त आवळणे.

लक्षणे

रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येणे, गळती दिसत नसताना पाणी कमी होणे, ऑइल दुधाळ होणे, इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येणे व ताकद कमी होणे. ऑइलमध्ये पाणी दिसल्यास इंजिन मुळीच चालवू नये. बेअरिंग खराब होतात.

गॅस्केट बदलताना

इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच हेड खोलावे. दोन्ही पृष्ठभाग स्वच्छ करून सरळ पट्टी व फिलर गेजने सपाटपणा तपासावा. हेड वाकलेले असल्यास वर्कशॉपमध्ये फेसिंग करून घ्यावे. वाकलेल्या हेडखाली नवे गॅस्केट टिकत नाही. लाइनरची उंचीही तपासावी. जुने गॅस्केट पुन्हा वापरू नये. बोल्टच्या छिद्रांत पाणी किंवा ऑइल राहू देऊ नये, अन्यथा आवळताना ब्लॉकला तडा जाऊ शकतो.

नट मध्यापासून बाहेरच्या बाजूस, दोन-तीन टप्प्यांत टॉर्क पान्याने आवळावेत. अंदाजाने आवळू नये. टॉर्कचे माप व क्रम तसेच काही तास चालविल्यानंतर पुन्हा आवळण्याची गरज प्रत्येक इंजिनासाठी वेगळी असते. त्याबाबत कंपनीची पुस्तिका प्रमाण मानावी.

नियमित निगा

दररोज सकाळी इंजिन थंड असताना पाणी व ऑइल पाहावे. मळणीच्या दिवसांत जाळी दिवसातून दोन-तीनदा साफ करावी. तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडे जाऊ लागताच भार काढून इंजिन काही वेळ मंद गतीवर चालवावे, मग बंद करावे. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये, वाफेने भाजण्याचा धोका असतो.

हंगामापूर्वी एक दिवस तपासणीसाठी दिल्यास हंगामातील अनेक दिवस वाचतील.