एकत्र विरघळले, सुकताना बिनसले

थर्माकोल ज्यापासून बनतो ते पॉलिस्टायरीन आणि अ‍ॅक्रिलिक शीटमधलं पीएमएमए टोल्युइन या द्रावकात छान एकजीव होतात. हा द्राव गरगर फिरणाऱ्या सिलिकॉनच्या चकतीवर टाकला, की काही सेकंदांत टोल्युइन उडून जातं आणि दोघांचं बिनसतं. रेणूंच्या साखळ्या लांबलचक असल्याने मिसळण्यातून एन्ट्रॉपीचा, म्हणजे विस्कळीतपणाचा, लाभ फारच थोडा. जराशी नावडही फारकतीला पुरते. हे गणित फ्लोरी आणि हगिन्स या शास्त्रज्ञांनी १९४० च्या दशकात मांडलं. उरलेल्या पापुद्र्यात सूक्ष्मदर्शकाखाली गोल बेटं दिसतात, कधी नागमोडी पट्टे. खरी कमाल पुढे आहे. सायक्लोहेक्झेनने धुतलं की पॉलिस्टायरीन तेवढं निघून जातं, पीएमएमएची सच्छिद्र जाळी राहते. छिद्रं प्रकाशाच्या तरंगलांबीहून बारीक ठेवली, तर हाच थर काचेवरची चकाकी घालवतो. १९९९ मध्ये हे प्रयोगाने सिद्ध झालं.