गाठ काढण्याची घाई

"गाठच तर आहे, काढून टाकू, मग पाठवू तपासायला." बाईच्या स्तनात गाठ लागली की हे वाक्य घरात हमखास येतं. नांदेड जिल्ह्यात हदगाव असो, हिमायतनगर असो की किनवट, ते सगळीकडे सारखंच असतं. कधी ते दीर बोलतात, कधी ओळखीचे कंपाउंडर, आणि कधी कधी खुद्द ऑपरेशन करणारे डॉक्टर. ऐकायला ते शहाणपणाचं वाटतं: नको ती वस्तू अंगात कशाला ठेवायची? पण स्तनाच्या कर्करोगात इतका महागात पडणारा दुसरा गैरसमज नाही. सर्जन कसा निवडावा हा प्रश्न इथूनच सुरू होतो.

खरा क्रम नेमका उलटा आहे. आधी डॉक्टर स्तन आणि काख हातानं तपासतात. मग मॅमोग्राफी किंवा सोनोग्राफी होते. त्यानंतर त्या जागेपुरती भूल देऊन जाड सुईनं गाठीचे काडीएवढे बारीक तुकडे घेतात. ही कोअर बायोप्सी. तिच्यासाठी दवाखान्यात भरती व्हावं लागत नाही. बाई त्याच दिवशी एसटीनं गावी परतू शकते. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, त्यामुळे अनेक जणींचं ऑपरेशन इथेच टळतं. कर्करोग निघालाच, तर त्याच तुकड्यांवर ईआर, पीआर आणि हर-टू या तपासण्या होतात आणि आजाराची जात कळते.

जात कळल्यावर अनेकदा योजनाच बदलते. हर-टू पॉझिटिव्ह किंवा ट्रिपल निगेटिव्ह (तिन्ही तपासण्या निगेटिव्ह) आजार असेल आणि गाठ दोन सेंटिमीटरपेक्षा मोठी असेल, किंवा आजार काखेत पोचला असेल, तर बहुधा किमोथेरपी आधी आणि ऑपरेशन नंतर. औषधानं गाठ आकसते आणि पुष्कळदा स्तन वाचवता येतो. शिवाय औषध लागू पडतंय की नाही, हे गाठीवरूनच दिसतं. ऑपरेशनच्या वेळी काही शिल्लक राहिलं असेल, तर पुढचं औषध बदलता येतं. गाठ आधीच काढून टाकली, तर हा पुरावाच हातातून जातो. नंतर कितीही मोठ्या दवाखान्यात गेलं तरी तो परत मिळत नाही.

दुसरं नुकसान सुरीचं. साधी गाठ समजून काढताना ती तिच्या कडेनंच सोलून काढतात. कर्करोगाची गाठ मात्र भोवतीच्या निरोगी भागासकट काढावी लागते, आणि पॅथॉलॉजिस्टला तिची बाजू कळावी म्हणून दोरे बांधून पाठवावी लागते. काखेचाही विचार त्याच वेळी करावा लागतो. हे झालं नसेल तर पुन्हा टेबलावर जावं लागतं. पहिला चिरा भलत्या जागी असेल तर स्तन वाचवणंही अवघड होतं. त्याहून संतापजनक म्हणजे काढलेली गाठ नुसत्या सलाइनमध्ये ठेवणं, किंवा तपासायला न पाठवताच फेकून देणं. गाठ फॉर्मॅलिनमध्येच जायला हवी. बाईच्या पुढच्या आयुष्याचा निर्णय त्या डबीवर अवलंबून असतो, आणि त्यात हयगय करणाऱ्याला माफी नाही.

"सुई टोचली की गाठ चिघळते, पसरते" ही भीती या घाईच्या मुळाशी आहे. सुईच्या तपासणीमुळे कुणाचं आयुष्य कमी होत नाही. जगभरात आज स्तनाच्या कर्करोगाचं निदान सुईनंच करतात. ज्यांची गाठ तपासल्यावर "पसरली", त्यांचा आजार बहुतेक वेळा तपासणीआधीच पुढे गेलेला असतो.

मग सर्जन कोणीही चालतो का? यावर नुसतं मत देऊन भागत नाही. पश्चिम स्कॉटलंडमधल्या ३,७८६ स्त्रियांचा अभ्यास १९९६ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. स्तनाच्या आजारात विशेष काम करणाऱ्या सर्जनकडे उपचार झालेल्यांचं पाच वर्षं जगण्याचं प्रमाण ९ टक्क्यांनी जास्त निघालं. वय, गाठीचा आकार, घरची गरिबी हे सगळं हिशेबात धरूनही फरक उरला. पुढे २०१२ साली त्याच भागातल्या १३,७२२ स्त्रियांच्या अभ्यासात दिसलं, की सर्जन, किमोथेरपीचे डॉक्टर, रेडिएशनचे डॉक्टर आणि पॅथॉलॉजिस्ट एकत्र बसून निर्णय घेऊ लागल्यावर या आजाराचे मृत्यू १८ टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे एकट्या हातापेक्षा त्यामागचा चमू महत्त्वाचा. युरोपातल्या तज्ज्ञ संस्थेनं सर्जनमागे वर्षाला किमान ५० नव्या रुग्णांची अट घातली आहे. नांदेड-लातूरकडे हा आकडा जसाच्या तसा लावता येणार नाही, पण प्रश्न विचारता येतो: "डॉक्टर, वर्षाला स्तनाच्या कर्करोगाची किती ऑपरेशनं करता?" चांगला सर्जन या प्रश्नानं दुखावत नाही. जो दुखावतो, त्याच्याकडे घाईनं तारीख घेऊ नये.

पुढचा प्रश्न काखेचा, आणि तो बायका क्वचितच विचारतात. काखेतल्या सगळ्या लसिका गाठी काढल्या तर साधारण पाचपैकी एका बाईचा हात पुढे सुजतो. आजार काखेत शिरताना ज्यांत आधी पोचतो, त्या पहिल्या काही 'पहारेकरी' (सेंटिनेल) गाठीच काढून तपासल्या, तर हे प्रमाण पाच-सहा टक्क्यांवर येतं. ही सूज घेऊन सरकीच्या रानात दिवसभर कापूस वेचणं किंवा खुरपणं काय असतं, हे हदगावच्या बाईला सांगायला नको. काखेत आजार दिसत नसेल, तर "सगळ्या गाठी काढणार की आधी पहारेकरी तपासणार?" हे ऑपरेशनआधीच विचारून घ्यावं.

सर्जन टेबलावर नेमकं काय करतो, याला किती किंमत आहे, ते आपल्याच देशातल्या एका प्रयोगात दिसलं. टाटा मेमोरियलच्या डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखाली ११ केंद्रांवर सुमारे १,६०० स्त्रियांमध्ये तो झाला. गाठ काढण्याआधी काही मिनिटं तिच्याभोवती साधं भुलीचं इंजेक्शन, लिग्नोकेन, देण्यात आलं. २०२३ साली निकाल प्रसिद्ध झाला: इंजेक्शन मिळालेल्यांपैकी ९०.१ टक्के स्त्रिया पाच वर्षांनी हयात होत्या, न मिळालेल्यांपैकी ८६.४ टक्के. स्वस्त औषध आणि पाच-दहा मिनिटांचं काम. हेही विचारावं.

"पण इतकं करत बसलो तर आजार वाढेल" हा घरच्यांचा आक्षेप खरा वाटतो, म्हणून आकडाच द्यायला हवा. २०२० साली 'बीएमजे'मध्ये आलेल्या मोठ्या आढाव्यानुसार स्तनाच्या ऑपरेशनला दर चार आठवडे उशीर झाला की मृत्यूचा धोका सुमारे ८ टक्क्यांनी वाढतो. पेरणी, लग्न, दिवाळी म्हणत चार महिने घालवणं घातक आहेच. पण बायोप्सी आणि दुसऱ्या मतासाठी गेलेले दोन आठवडे म्हणजे उशीर नव्हे. तेवढ्यात योग्य सर्जन सापडतो.

तो कुठे सापडतो? जनरल सर्जनकडे एम.एस. असते, कर्करोगाच्या सर्जनकडे त्यापुढची एम.सीएच. किंवा तिच्या तोडीची पदवी. सोनोग्राफी आणि सुईची तपासणी नांदेडला होऊ शकते. त्यासाठी मुंबईची गाडी पकडायची गरज नाही. छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय आणि बार्शीचं नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय मराठवाड्याला मुंबईच्या परळमधल्या टाटा मेमोरियलपेक्षा जवळ आहेत. अहवाल पाठवून घरबसल्या तज्ज्ञांचं मत घ्यायचं असेल, तर नॅशनल कॅन्सर ग्रिडशी जोडलेली 'नव्या' ही ऑनलाइन सेवा आहे. पैशांची तजवीजही आधीच बघावी. जीवनदायी योजना २०१२ मध्ये पहिल्या टप्प्यात ज्या आठ जिल्ह्यांत आली, त्यांत नांदेड होता. आज तीच महात्मा फुले योजना आहे आणि कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण देते. मात्र उपचार यादीतल्या दवाखान्यात आणि आधी मंजुरी घेऊनच व्हावे लागतात. बाहेर घाईनं केलेल्या ऑपरेशनचे पैसे घरच्याच खिशातून जातात.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

पूर्ण स्तन काढला म्हणजे जास्त जगणं, असं नाही. अमेरिकेत १,८५१ आणि इटलीत ७०१ स्त्रियांवर वीस वर्षं नजर ठेवली. योग्य रुग्णांमध्ये फक्त गाठ काढून रेडिएशन दिलं तरी आयुष्य तेवढंच होतं. पण रेडिएशन हवंच, म्हणून त्यासाठी तीनेक आठवडे कुठे राहायचं हे ऑपरेशनआधी ठरवावं.

बाईचा आजार म्हणून गायनॅककडे ऑपरेशन करू नये. बाई डॉक्टर हवी असेल तर सर्जन बाई शोधावी.

महागडं बिल हे कौशल्याचं प्रमाणपत्र नाही, आणि मोबाइलवरचे तारेही नाहीत.

दुसरं मत घेणं म्हणजे पहिल्या डॉक्टरांचा अपमान नव्हे. आणि तिच्यापासून आजार लपवून घरच्या पुरुषांनीच सर्जन ठरवणं तर सरळसरळ चूक आहे. शरीर तिचं आहे, संमतीची सही तिची आहे.

ज्यांची गाठ आधीच काढून झाली आहे, त्यांनी खचून जाऊ नये. तिथूनही उपचार नीट मार्गावर आणता येतात. ऑपरेशनची नोंद, पॅथॉलॉजीचा अहवाल, काचेच्या स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक मागून घ्यावा. हे मागणं हा रुग्णाचा हक्क आहे. ईआर, पीआर, हर-टू झालं नसेल तर त्याच ब्लॉकवर होऊ शकतं. हे सगळं एका पिशवीत घालून याच आठवड्यात कर्करोगाच्या सर्जनकडे जावं.