डाउन सिंड्रोम : आकलन, उच्चार आणि घरची भाषा

एखाद्याला किती समजते याचा अंदाज आपण सामान्यतः तो किती व कसे बोलतो यावरून बांधीत असतो. नित्याच्या व्यवहारात हा अंदाज बहुधा चालून जातो; परंतु डाउन सिंड्रोम असलेल्या मुलामुलींच्या बाबतीत तो पुष्कळदा फसतो, आणि त्याचे परिणाम त्यांना जन्मभर सोसावे लागतात. त्यांना साहाय्य करणारे कुटुंबीय आणि स्वयंसेवक यांच्या कार्याचा विचार भाषाशास्त्राच्या दृष्टीने करावयाचा झाल्यास आरंभ येथूनच केला पाहिजे.

या अवस्थेचे वर्णन जॉन लँग्डन डाउन या इंग्रज वैद्याने १८६६ मध्ये केले. त्याने चेहरेपट्टीवरून एका मानववंशाचे नाव तिला दिले व ते शतकभर चालले. १९५९ मध्ये झेरोम लजून व त्याचे सहकारी यांनी या व्यक्तींच्या पेशींत एकविसाव्या गुणसूत्राची तिसरी प्रत असते असे दाखविले. पुढे १९६५ मध्ये मंगोलियाच्या विनंतीवरून जागतिक आरोग्य संघटनेनेही ते जुने नाव टाकून दिले. चेहऱ्यावरून काढलेले अनुमान अशा रीतीने शास्त्रातून गेले. उच्चारावरून काढले जाणारे अनुमान मात्र समाजात अद्याप टिकून आहे.

हे अनुमान चूक का, ते पाहू. या मुलांच्या जिभेचे व ओठांचे स्नायू शिथिल असतात आणि मुखपोकळी लहान असते. अनेकांच्या मध्यकर्णात द्रव साचून ऐकू कमी येते. ऐकलेले शब्द क्षणभर मनात धरून ठेवण्याची शक्ती दुर्बल, तर पाहिलेले लक्षात ठेवण्याची शक्ती तुलनेने बरी असते. परिणामी शब्दांचे आकलन पुढे जाते, उच्चार मागे राहतो आणि व्याकरण त्याहूनही मागे राहते. आता मराठीत व्याकरणाचा पुष्कळसा भार शब्दाच्या शेवटावर असतो. ‘घरात’, ‘घराला’, ‘घरून’ किंवा ‘गेला’, ‘गेली’, ‘गेले’ यांतील भेद अखेरच्या अक्षरांत आहे. कमी ऐकू येणाऱ्या कानाला तो निसटणे स्वाभाविक होय. ‘कोपऱ्यातून आजीची काठी आण’ असे म्हणताच जे लेकरू काठी आणून देते, तेच स्वतः बोलताना केवळ ‘काठी’ एवढेच म्हणेल. ऐकणारा त्या एका शब्दावरून त्याची समज मोजतो, आणि चूक होते ती येथे.

या चुकीतून दुसरी चूक उद्भवते. मूल उत्तर देत नाही म्हणून घरची माणसे त्याच्याशी बोलणेच कमी करतात. बोलणे कमी झाले म्हणजे शिकण्याची संधीही कमी होते. म्हणून प्रश्न विचारून काही क्षण थांबणे, छोटी वाक्ये सावकाश बोलणे, हातवारे व चित्रे यांची जोड देणे हे घरच्यांचे पहिले साहाय्य होय. हातवाऱ्यांनी बोलणे खुंटते ही समजूत निराधार आहे. खुणा बोलण्याला वाट करून देतात.

मुंबईस १९४४ पासून जय वकील शाळा व पुण्यास १९६४ पासून कामायनी यांसारख्या संस्था बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी कार्य करीत आहेत. बीड जिल्ह्यातील युसूफ वडगावसारख्या खेड्यातील प्रश्न निराळा आहे. या जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी बाहेर पडतात व उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मूल बरोबर नेले तर फडावरच्या कोपीत अंगणवाडीचा संबंध तुटतो. मागे ठेवले तर त्याच्या खुणा ओळखणारी माय सहा-सहा महिने दुरावते. अशा वेळी आजी, शेजारी, अंगणवाडी सेविका आणि आशा स्वयंसेविका यांना ‘हे लेकरू कोणत्या खुणेने काय मागते’ याची यादी आईने जाण्यापूर्वी करून देणे अगत्याचे ठरते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून जन्मजात दोषांच्या तपासणीत डाउन सिंड्रोमचा समावेश आहे. कान तपासून घेण्यासाठी शेजारच्या अंबाजोगाईस शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. बोलण्याच्या शिक्षणापूर्वी ही तपासणी व्हावयास हवी, कारण जे ऐकू येत नाही ते शिकविता येत नाही.

या प्रश्नाला कायद्याचीही बाजू आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यान्वये जिल्ह्याची स्थानिक समिती प्रौढ व्यक्तीस पालक नेमून देऊ शकते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मर्यादित पालकत्वाची कल्पना आणली. तीनुसार पालकाने त्या व्यक्तीशी विचारविनिमय करून, परस्पर समजुतीने व विश्वासाने निर्णय घ्यावयाचा असतो. पण ज्याच्या समजुतीविषयी घरातच शंका, त्याच्याशी विचारविनिमय कोण करणार? आईवडिलांच्या पश्चात जमीन, घर व सोबत यांविषयी त्याची इच्छा कळावयाची असेल, तर त्याची भाषा ओळखणारी आणखी दोन-चार माणसे गावात आधीच तयार झालेली असली पाहिजेत. कुटुंबाने व स्वयंसेवकांनी करावयाचे सर्वांत टिकाऊ कार्य हेच होय.