वितळलेलं प्लास्टिक आणि दगडाची पूड

प्लास्टिकची खुर्ची निव्वळ प्लास्टिकची असेलच असं नाही. स्वस्त खुर्च्यांच्या पॉलिप्रॉपिलिनमध्ये पुष्कळदा चुनखडीची बारीक पूड मिसळतात. त्यामुळे खर्च वाचतो आणि खुर्ची ताठ होते. अडचण येते साच्यात भरताना! वितळलेला रस दाट होतो, ढकलायला जास्त दाब लागतो.

असं का व्हावं? पुडीचे कण कठीण. प्रवाहाबरोबर ते ताणले जात नाहीत. मग त्यांच्या वाट्याचं सरकणंही फटींतल्या द्रवालाच करावं लागतं. याचं गणित आइनस्टाइननं १९०६ साली मांडलं. पण प्रयोगाशी ते जुळेना. शोधल्यावर आकडेमोडीतच चूक निघाली! १९११ साली दुरुस्ती झाली : गोल, विरळ कणांनी जितके टक्के आकारमान व्यापलं असेल, त्याच्या अडीचपट टक्के विष्यंदिता वाढते.

समजा, वजनानं ३० टक्के पूड घातली. घनता पुडीची २.७, पॉलिप्रॉपिलिनची ०.९. म्हणजे आकारमानानं पूड फक्त साडेबारा टक्के. वाढ सुमारे ३१ टक्के. प्रत्यक्षात ती याहून जास्त असते, कारण इतक्या दाटीत कण एकमेकांच्या आड येतात. बारीक कण तर गुठळ्या करून द्रवही अडकवून ठेवतात. म्हणून पुडीला आधी स्टिअरिक आम्लाचा पातळ थर देतात.

वर्गात एरंडेल तेल नरसाळ्यातून वाहू द्या, वेळ मोजा. मग बारीक रांगोळी थोडीथोडी वाढवत, दर वेळी नीट ढवळून, तेवढंच मिश्रण ओता. मिश्रण तेलापेक्षा जड, त्यामुळे खालची ओढ जास्त. तरी वेळ वाढतो का, ते मुलांनाच पाहू द्या.