उसनं विष

ऐका रे पोरांनो. २०११ चा मे महिना. उत्तर जर्मनीत, हॅम्बुर्गच्या आसपास, धडधाकट माणसांना रक्ताचे जुलाब व्हायला लागले. काहींच्या किडन्याच बंद पडल्या. त्यात बायका जास्त. डॉक्टर चक्रावले, कारण असला आजार एरवी लहान मुलांना गाठतो. आधी आळ आला स्पेनच्या काकड्यांवर. बिचाऱ्या फुकट बदनाम झाल्या! खरा माग निघाला सॅलडवर घातलेल्या कच्च्या मोडांचा आणि तिथून इजिप्तहून आलेल्या मेथीदाण्यांचा. तोवर सुमारे ३,८०० जण आजारी पडले होते, पन्नासहून जास्त दगावले.

आरोपी होता ई. कोलाय. हो, त्याचेच भाऊबंद आपल्या आतड्यात गुण्यागोविंदाने नांदतात. हे कूळ मात्र चिकट. सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर पेशींवर विटा रचल्यासारखे थर लावून बसलेलं दिसतं. त्याने जुलाब लागायचे, पण किडनीपर्यंत गोष्ट सहसा जात नसे.

मग विष आलं कुठून? जीवाणूंनाही विषाणूंची लागण होते बरं का! त्या विषाणूंना फाज म्हणतात. फाज दरवेळी जीवाणूला मारतोच असं नाही. कधी आपला डीएनए त्याच्या डीएनएत घुसवून गप पडून राहतो. मग एकाचे दोन, दोनाचे चार जीवाणू झाले की प्रत्येकात तोही आयताच वाढतो. असाच एक फाज या चिकट कुळात कधीतरी शिरला, आणि त्याच्याकडे शिगा विषाचं जनुक होतं. शिगा हे जपानी डॉक्टर. १८९७ च्या साथीत त्यांनी आमांशाचा जीवाणू शोधला. त्यांच्या नावाचं हे विष पेशीतले रायबोसोम निकामी करतं. मग प्रथिनं बनणं थांबतं आणि पेशी मरते.

खरी गंमत पुढेच आहे. हे विष भरभरून बनतं ते फाज जागा होतो तेव्हा, आणि बाहेर पडताना तो जीवाणूलाच फोडतो! म्हणजे विष सोडणारा स्वतःही मेला. म्हणून काही अँटिबायोटिक्स इथे उलटतात. त्यांनी जीवाणूच्या डीएनएला इजा झाली की फाज जागा होतो आणि विष आणखी सांडतं.

पण हे विष सगळ्यांनाच बाधत नाही, गाईचंच बघा. शिगा विष बनवणारे ई. कोलाय कितीतरी गाईगुरांच्या पोटात असतात. पण हे विष पेशीला धरतं ते एका खास रेणूच्या आधाराने. आपल्या किडनीतल्या बारीक रक्तवाहिन्यांवर तो रेणू भरपूर, गाईच्या आतड्यातल्या रक्तवाहिन्यांवर नाहीच. त्यामुळे ती खुशाल चरते.