फरशी धुणारं यंत्र : बॅटरीचं पाणी

गेल्या आठवड्यात फरशी धुणाऱ्या यंत्राचे ब्रश आणि मागची रबरी पट्टी पाहिली. आज त्याच्या पोटातली बॅटरी. दिल्ली, गुरुग्राम, नोएडातल्या मॉलांत आणि रुग्णालयांत वायरीविना फिरणारी ही यंत्रं बहुधा २४ व्होल्टवर चालतात. लिथियम येऊ लागलंय, तरी शिसं-आम्लाची बॅटरी अजून भरपूर दिसते. काही वर्षं टिकायला हवी ती बॅटरी वर्षभरात बसली, तर दोष बहुतेक वेळा सांभाळण्यात असतो.

सगळ्यात मोठी गफलत पाण्याची. चार्जिंगच्या शेवटच्या टप्प्यात आतल्या पाण्याचा हायड्रोजन आणि ऑक्सिजन होऊन उडून जातो, म्हणून पाणी घालावं लागतं. कामगार पाळी संपली की झाकणं उघडून काठोकाठ भरतो आणि चार्जर लावतो. चार्ज होताना द्रव फुगतो आणि बाहेर येतो. माथ्यावर ओलसर थर, टर्मिनलवर बुरशी धरल्यासारखी पांढरी-हिरवी पूड, खालचा लोखंडी ट्रे गंजलेला, हे दिसलं की समजावं. सांडतं ते आम्ल आणि भरलं जातं ते पाणी, त्यामुळे दर खेपेला आतलं आम्ल पातळ होत जातं. चार्जिंगआधी प्लेटा जेमतेम बुडतील एवढंच पाणी असावं. पूर्ण भरायचं ते चार्जिंगनंतर.

आणि पाणी डिस्टिल्डच हवं. एनसीआरमधलं बोअरचं पाणी क्षारांनी भरलेलं असतं. आरओचं पाणी प्यायला चांगलं, पण त्यातही क्षार उरतात. एसीचं टपकणारं पाणी फुकट मिळतं, मात्र ते धूळ आणि कॉइलचा धातू घेऊन येतं.

दुसरा शत्रू उष्णता. २५ अंशांच्या वर दर १० अंशांना आयुष्य साधारण निम्मं होतं, असा जुना ठोकताळा आहे. दिल्लीचा मे-जून म्हणजे ४५ अंश. त्यात चार्जर तळघरातल्या बंद खोलीत! तिथे चार्जिंगमधून निघणारा हायड्रोजनही कोंडतो; हवेत तो ४ टक्के झाला की स्फोटाला ठिणगी पुरते. तो हलका, छताशी साचतो. एक्झॉस्ट पंखा वरच हवा.

शिशाच्या बॅटरीला चहाच्या सुट्टीतलं अर्धवट चार्जिंग मानवत नाही. रिकामी ठेवली तर प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं. पाळी संपताच लावावी आणि पूर्ण भरू द्यावी. लिथियमचं उलट: थोडं थोडं चार्जिंग चालतं, पण पूर्ण भरून उन्हाळ्यात पडून राहणं सोसत नाही. घरचा रोबो व्हॅक्यूम असेल, तर मे महिन्यात गावी जाताना तो अर्धा चार्ज करून, बंद करून सावलीत ठेवा.

मेलेली बॅटरी कबाड्याला विकली की ती कुठेतरी उघड्यावर फुटते, आम्ल नाल्यात जातं, शिशाचा धूर पोरांच्या छातीत. ऑगस्ट २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचं पुनर्चक्रण करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. विक्रेत्याला परत घ्यायला सांगा.

सोसायटीच्या समितीवर असाल, तर याच आठवड्यात चार्जिंगच्या खोलीत जाऊन या. चार्जर लावणाऱ्या माणसाजवळ हातमोजे, डोळ्यांना चष्मा आणि डिस्टिल्ड पाण्याचा कॅन आहे का, ते बघा. आणि पाणी कधी घालायचं हे त्याला कोणी सांगितलंय का, तेही विचारा.