सडक्या अंड्याचा वास आणि हृदयाचा ठेका

भेळेवर पादेलोण भुरभुरलं की नाकात शिरणारा तो ओळखीचा दर्प आठवतो? त्यात हायड्रोजन सल्फाइडचा वाटा असतो. अंडं फार वेळ उकडलं की बलकाभोवती हिरवट कडं धरतं, तेही याच वायूमुळे. आणि गंमत म्हणजे हा कुजका वायू आपलं शरीर स्वतःच बनवतं, अगदी किंचित. तो विष म्हणूनच ठाऊक होता. 1996 साली जपानमधल्या आबे आणि किमुरा यांनी दाखवलं की मेंदूत तो निरोप्याचंही काम करतो.

हृदयापर्यंतही त्याचा निरोप पोचतो. उजव्या कर्णिकेच्या भिंतीत, वरच्या महाशिरेच्या तोंडाशी, आपला जन्मजात पेसमेकर बसलेला असतो: सायनस नोड. मिनिटाला 70 ठोके धरले तर दिवसाला लाखभर! तो पहिल्यांदा दिसला माणसात नव्हे, तर मोल या जमिनीखाली बोगदे पोखरणाऱ्या चिमुकल्या प्राण्यात. 1906च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या केंट परगण्यात आर्थर कीथ सायकलवर फिरायला गेले होते. मागे मार्टिन फ्लॅक हा वैद्यकीचा विद्यार्थी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसला होता. कीथ परतले तेव्हा शोध लागलेला होता. विद्यार्थ्याच्या चिकाटीची याहून गोड गोष्ट मला माहीत नाही.

या पेशींना ठोक्यासाठी कुणी हुकूम द्यावा लागत नाही. आतला विद्युतदाब आपोआप हळूहळू चढतो, उंबरठा गाठला की ठोका. सशाच्या पेसमेकर पेशींना हायड्रोजन सल्फाइड दिला तेव्हा हा चढ मंदावला आणि ठोके कमी झाले. वायू पोटॅशियमची खास दारं उघडतो. धनभारित पोटॅशियम बाहेर निसटतं, मग उंबरठ्याला पोचायला उशीर होतो. मधुमेहावरचं ग्लायबेनक्लामाइड हे औषध तीच दारं बंद करतं. ते दिलं की वायूची मात्रा चालेना!

त्याचा भाऊबंद नायट्रिक ऑक्साइड मात्र उलट वागतो. गिनी पिगच्या पेसमेकर पेशींना तो थोडक्या मात्रेत वेग देतो. रक्तवाहिन्यांना निरोप देणारा वायू म्हणून त्याच्या शोधाला 1998चं नोबेलही मिळालं.

लसूण खाल्ली की? तिच्यातल्या गंधकयुक्त द्रव्यांपासून तांबड्या रक्तपेशी हायड्रोजन सल्फाइड बनवू शकतात आणि त्याने रक्तवाहिन्या सैलावतात, हे प्रयोगशाळेत दिसलंय.

पण मात्रा वाढली की हाच वायू पेशींचा श्वास कोंडतो. गटारात साचतो तो हाच. दहा लाख भाग हवेत त्याचे शंभरेक भाग झाले की नाकाची वास घेण्याची ताकदच जाते. उतरलेल्या माणसाला वाटतं, वायू निघून गेला. सुरक्षासाधनांशिवाय माणसाला गटारात उतरवायला 2013च्या कायद्याने बंदी आहे, तरी माणसं उतरवली जातात.